मुरगूडहून पोर्तुगालला : सहकुटुंब स्थलांतराची पूर्वतयारी

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील, वेदगंगेच्या काठी वसलेल्या मुरगूडपासून गोवा काही तासांच्या अंतरावर आहे. गोव्यातील अनेक कुटुंबे पोर्तुगीज पारपत्र घेऊन युरोपात स्थायिक झाली आहेत. त्यामुळे 'ते जातात, मग आपल्याला काय हरकत आहे?' हा प्रश्न सीमेच्या या बाजूला विचारला जाणे स्वाभाविक आहे. मात्र गोमंतकीय माणूस पोर्तुगालला जातो तो बहुधा त्या देशाचा नागरिक म्हणून. मुरगूडचा माणूस जातो तो परदेशी म्हणून. कागदपत्रे, खर्च, लागणारा काळ आणि कुटुंबातील कोणी केव्हा जायचे याचा क्रम, सारे या एका फरकावर अवलंबून असते. तो ध्यानात न घेता आखलेला बेत पुढे फसतो आणि तोवर एजंटाच्या हाती पैसे पडलेले असतात.

गोव्याचा मार्ग कोणाला खुला

गोवा, दमण आणि दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते मात्र ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. या प्रदेशांत मुक्तीपूर्वी जन्मलेल्या व्यक्तींना पोर्तुगीज कायदा आपले नागरिक मानतो आणि १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार त्यांच्या अपत्यांनाही तो हक्क वारशाने मिळतो. त्यासाठी गोव्यातील जुन्या नागरी दप्तरातील जन्माची आणि विवाहाची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात पुन्हा करून घ्यावी लागते. आधी आजी-आजोबांची, मग आई किंवा वडिलांची आणि शेवटी स्वतःची, अशी ही साखळी आहे. मधली एक कडी सुटली, की पुढची नोंद अडते.

मुरगूड परिसराचा या मार्गाशी संबंध येतो तो सोयरिकीतून. कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी आणि गोवा या टापूत लग्नसंबंध जुने आहेत. एखाद्या घरात आजीचे माहेर पेडणे, डिचोली किंवा सत्तरीत असेल आणि तिचा जन्म १९६१ पूर्वी तिथल्या दप्तरात नोंदला गेला असेल, तर त्या घराला हा हक्क तपासून पाहता येतो. आईकडून आलेला वारसाही कायद्याला चालतो. अडचण असते ती पुढच्या कागदांत. गोव्यात विवाहाची नागरी नोंद पोर्तुगीज काळापासूनच रुळलेली आहे; आपल्याकडे मात्र त्या पिढीचे लग्न मांडवात लागले आणि तिथेच संपले, कार्यालयात कोणी गेले नाही. शिवाय अपत्याचे आई-वडिलांशी असलेले नाते ते अपत्य सज्ञान होण्यापूर्वीच नोंदलेले असावे, अशी पोर्तुगीज कायद्याची मूळ भूमिका आहे. चाळिसाव्या वर्षी प्रतिज्ञापत्र करून मिळवलेला जन्माचा दाखला आपल्या कचेरीत चालत असला, तरी लिस्बनमध्ये तो शंकेचा विषय ठरतो.

आजी गोव्याची नसेल तर हा मार्ग बंद आहे, एवढे स्पष्ट समजावे. कोणाच्या तरी आजोबांचे नाव उसने घेऊन साखळी जुळवून देणारे लोक भेटतात. तो सरळ बनावटगिरीचा गुन्हा आहे, आणि उघडकीस आल्यावर मिळालेले नागरिकत्वही रद्द होते.

हक्क असलेल्यांनीही पाऊल उचलण्यापूर्वी एक गोष्ट घरात बसून बोलावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पारपत्र वापरणे गुन्हा आहे आणि मतदानाचा हक्कही जातो. पुढे ओसीआय कार्ड घेऊन भारतात हवे तितके राहता येते. पण निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या अनेक गोमंतकीयांची भारतीय पारपत्रे रद्द केली गेली आणि ती स्वतःहून परत केल्याचे प्रमाणपत्र नसल्याने त्यांचे ओसीआयचे अर्ज अडले. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा प्रकरणी रद्दीकरणाचे प्रमाणपत्रही स्वीकारले जाईल, असे ठरवले.

पोर्तुगीज पारपत्रावर थेट इंग्लंड गाठण्याचा जुना बेतही आता उपयोगाचा नाही. स्विंडन आणि साउथॉल येथील गोमंतकीय वस्ती त्या काळात वाढली. पण ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि ती मोकळीक गेली.

व्हिसाची वाट

इतरांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा हाच मार्ग. नोकरीचा करार हाती असेल तर डी-१, उच्चशिक्षितांच्या कामासाठी डी-३, शिक्षणासाठी डी-४, निवृत्तिवेतन किंवा भाड्यासारखे नियमित उत्पन्न असलेल्यांसाठी डी-७, आणि परदेशी कंपनीचे काम संगणकावरून करणाऱ्यांसाठी डी-८, असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. घर विकत घेऊन निवासाचा परवाना मिळवण्याची, 'गोल्डन व्हिसा' म्हणून गाजलेली सवलत २०२३ मध्ये बंद झाली. जुन्या जाहिराती अजून फिरतात, त्यांना भुलू नये.

उत्पन्नाची अट तेथील किमान वेतनाशी जोडलेली असते आणि ते वेतन दर जानेवारीत बदलते. २०२५ मध्ये ते दरमहा ८७० युरो होते. डी-७ साठी अर्जदाराचे पूर्ण, जोडीदाराचे निम्मे आणि प्रत्येक मुलाचे ३० टक्के असा हिशेब धरतात. म्हणजे आई-वडील आणि दोन मुले अशा चौकोनी कुटुंबाला २०२५ च्या दराने दरमहा १,८२७ युरो, वर्षाला सुमारे २२ हजार युरो दाखवावे लागत. डी-८ साठी अर्जदाराचे उत्पन्न किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे त्या वर्षी ३,४८० युरो लागे.

नोकरीवर जाणाऱ्याने उलट बाजूचा हिशेब करावा. ८७० युरोंतून ११ टक्के सामाजिक सुरक्षेचा हप्ता वजा जाता हातात ७७५ युरोही उरत नाहीत. तेथे वर्षाला चौदा पगार देण्याची पद्धत आहे, हा काहीसा दिलासा. पण लिस्बनमधील घरभाडे पाहता एकट्याच्या किमान वेतनात चौघांचा संसार चालणे अवघड आहे. ओदेमीरा भागातील फळांच्या हरितगृहांत दक्षिण आशियातील मजूर मोठ्या संख्येने काम करतात. एकेका घरात दाटीवाटीने राहण्याची त्यांची स्थिती २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत चव्हाट्यावर आली. रुपयांत गुणाकार करून मोठा वाटणारा पगार युरोंत खर्च करायचा असतो, याचा विसर पडतो.

व्हिसा चार महिन्यांचा मिळतो. तेवढ्या काळात पोर्तुगालला पोहोचून आयमा या स्थलांतर संस्थेकडून निवास परवाना घ्यायचा असतो. ही संस्था २९ ऑक्टोबर २०२३ पासून जुन्या सेफ या यंत्रणेच्या जागी आली, आणि येताना लाखोंच्या संख्येने तुंबलेली प्रकरणे तिच्या वाट्याला आली. पहिला परवाना दोन वर्षांचा, नंतरचा तीन वर्षांचा असतो.

एक गैरसमज विशेष घातक आहे. पर्यटक म्हणून जायचे, काम धरायचे, सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरायचे आणि मग तिथेच परवान्यासाठी अर्ज करायचा, अशी सोय पोर्तुगालमध्ये होती. जून २०२४ च्या आरंभी ती बंद करण्यात आली. नोकरी शोधण्यासाठी मिळणारा व्हिसाही ऑक्टोबर २०२५ च्या कायद्याने उच्च कौशल्य असलेल्यांपुरता मर्यादित केला. 'आधी पोहोचा, कागद नंतर होतील' असे सांगणारा एजंट एक तर अनभिज्ञ आहे किंवा लबाड.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये नोंदणी सक्तीची आहे. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. पाच-सात लाखांची मागणी झाली, की ऊस बिलाची वाट न पाहता घरी परतावे.

कुटुंब केव्हा जाईल

सहकुटुंब जाण्याचा बेत बहुधा याच मुद्द्यावर डळमळतो. ऑक्टोबर २०२५ च्या कायद्यानुसार कुटुंबाला बोलावून घेण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते. अल्पवयीन मुले आणि त्या मुलांची आई किंवा वडील यांना या मुदतीतून सूट आहे. मूल नसलेल्या, पण निघण्यापूर्वी किमान दीड वर्ष एकत्र राहिलेल्या जोडप्यासाठी ती १५ महिन्यांवर येते. उच्चकौशल्याच्या परवान्यावर गेलेल्यांनाही दोन वर्षे थांबावे लागत नाही. अवलंबून असलेल्या वृद्ध आई-वडिलांना बोलावता येते. पण मुदत पूर्ण झाल्यावर आणि ते खरोखर आपल्यावर अवलंबून आहेत हे सिद्ध करून. पोर्तुगीज नागरिकाच्या जोडीदाराला हे नियम लागू नाहीत; गोव्याच्या मार्गाने जाणाऱ्याचा खरा लाभ इथे दिसतो.

म्हणून मुलांची वये हा बेताचा कणा धरावा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला केवळ मूल म्हणून येता येत नाही. तो अविवाहित, अवलंबून आणि पोर्तुगालमध्येच शिकणारा असावा लागतो. सतरा वर्षांच्या मुलाचे कागद वर्षभर रेंगाळले, तर धाकटी बहीण तिकडे आणि तो इकडे, अशी पाळी येते.

शाळेचे वर्ष तेथे सप्टेंबरात सुरू होते आणि ६ ते १८ वयापर्यंत शिक्षण सक्तीचे आहे. सरकारी शाळा विनामूल्य आहेत, पण त्या पोर्तुगीज माध्यमाच्या. लहान मुले दोन-तीन वर्षांत भाषा उचलतात; दहावीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याला हा बदल जड जातो. अशा घरांनी एक तर परीक्षा होईपर्यंत थांबावे किंवा दोन वर्षे आधीच भाषेचा पाया घालावा. पणजीत कामोंइश भाषाकेंद्र आहे आणि गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात. चावी, बादली, बटाटा, पगार हे शब्द मराठीला पोर्तुगीजांनीच दिले, तरी तेवढ्या भांडवलावर वर्गात बसता येत नाही. पुढे नागरिकत्वासाठी ए-२ पातळीची परीक्षाही द्यावी लागते. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व, हे गणित मात्र गृहीत धरू नये. ही मुदत दहा वर्षे करणारे विधेयक तेथील संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत केले आणि त्याच्या काही तरतुदींवर घटना न्यायालयाने डिसेंबरमध्ये आक्षेप घेतला. अर्ज करण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, तेच खरे.

घरचे कागद

तयारीचा सर्वात लांब टप्पा मुरगूडमध्येच पार पडतो. जन्माचा दाखला, विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र, शैक्षणिक गुणपत्रके आणि पोलीस पडताळणीचा दाखला हे किमान कागद. जन्माची नोंद नगरपरिषदेकडे मिळते. प्रसूती कोल्हापूरला किंवा आजोळी झाली असेल तर नोंदही तिथेच असते. पारपत्र आणि पोलीस दाखल्यासाठी कोल्हापुरातील टपाल कार्यालयातील पारपत्र सेवा केंद्र सोयीचे. ते पुणे विभागीय कार्यालयाच्या अखत्यारीत येते. महत्त्वाच्या दाखल्यांवर राज्य शासनाच्या पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे लागते. भारत आणि पोर्तुगाल दोघेही हेग कराराचे सदस्य असल्याने त्यानंतर वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरत नाही. मराठी कागदांचे अधिकृत भाषांतरही लागते.

सर्वाधिक अर्ज खोळंबतात ते नावावरून. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. आधारवर मधले नाव गाळलेले. पत्नीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि पारपत्रावर सासरचे. मराठी माणसाला यात काही वावगे वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला या दोन स्वतंत्र व्यक्ती वाटतात. रोमन लिपीत तर गावाचे नावही दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. सर्व कागद एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर जुळवावे आणि तफावत असेल तिथे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. या कामासाठी सहा महिने हाताशी ठेवलेले बरे.

शेतीचा प्रश्न बहुतेक घरांत शेवटी निघतो. तो आधी निघायला हवा. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला असलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी घेता येत नाही. भावांच्या वाटण्या, वडिलांच्या पश्चात राहिलेली वारस नोंद आणि सातबाऱ्यावरील बोजा हे सारे निघण्यापूर्वी निकाली काढावे. जमीन कसणाऱ्याला कुलमुखत्यारपत्र देताना ते ठरावीक कामांपुरतेच द्यावे आणि विक्रीचा अधिकार त्यातून स्पष्टपणे वगळावा. सेवा सोसायटीच्या पीककर्जाला जामीन राहिलेल्या भावबंदांची नावेही तपासावीत; कर्जदार लिस्बनला पोहोचला, तरी वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारात येते.