स्टीमवर गेम ‘विकत’ घेतला म्हणजे नेमकं काय मिळतं?

अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम सुरू केलं, ते मुख्यतः स्वतःच्याच गेम्सना अपडेट पुरवण्यासाठी. पुढे त्यावर इतर कंपन्यांचे गेमही विकले जाऊ लागले आणि आज पीसी गेमर्सना हे दुकान वेगळं सांगावं लागत नाही.

इथे पैसे भरले की गेम तुमच्या अकाउंटला जोडला जातो. पण मालकी मिळत नाही, मिळतो फक्त वापरण्याचा परवाना. म्हणूनच जुन्या सीडीसारखा तो खेळून झाल्यावर मित्राला विकता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम हे पैसे भरण्याआधीच लिहून दाखवतं. उशिरा का होईना! सर्व्हरवर अवलंबून असलेल्या गेम्समध्ये धोका जास्त. युबिसॉफ्टने मार्च २०२४ अखेरीस ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना.

जीओजी या दुकानातून मात्र गेमची इन्स्टॉल फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते.

स्टीमवर घेतलेला गेम आवडला नाही तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. त्यामुळे सेलमध्ये घेतलेला गेम लायब्ररीत धूळ खात ठेवण्याआधी एकदा चालवून बघाच.