‘अलपिष्टन साहेब’
माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९). जन्म स्कॉटलंडमधील डम्बार्टनचा. सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. पेशा मुलकी, तरी १८०३ साली असई, अडगाव आणि गाविलगड या तिन्ही ठिकाणी तो इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बरोबर होता. ‘तू खरा शिपाईच व्हायचास,’ अशा अर्थाचे वेलस्ली त्याला म्हणाल्याचे सांगतात. गाविलगड पडताच डिसेंबरात देवगावचा तह झाला. नागपूरच्या भोसल्यांनी वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड सोडले आणि ते निजामाकडे गेले. पुढे एल्फिन्स्टन नागपूर व पुणे येथे रेसिडेंट, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. त्याला नुसता ‘पेशवाईबुडव्या’ म्हणणे खोटे नव्हे, पण अपुरे आहे. गव्हर्नर-जनरलपद नाकारून हा गृहस्थ विलायतेत हिंदुस्थानचा इतिहास लिहीत बसला.