कोंडलेले फिरस्ते



"लॉकडाऊनमध्ये तुमचा वेळ कसा गेला?" हा प्रश्न आता कुणी कुणाला विचारत नाही. २०२० साल मागे पडलं, लोक कामाला लागले, आणि ते बरंच झालं. पण त्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांना घरात बसायची सवय होती, त्यांना घरात बसणं फारसं जड गेलं नाही. पण शनिवार आला की ज्याचे पाय शिवशिवतात, ज्याला चार भिंतींत झोपसुद्धा धड लागत नाही, अशा माणसानं काय केलं असेल? आणि त्याच्या आधी, दुसऱ्या साथींत, दुसऱ्या कोंडवाड्यांत, अशा माणसांनी काय केलं होतं?

मी सातारचा. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. मुलांना घेऊन किल्ले पालथे घातले. निवृत्तीनंतर अजिंक्यतारा हेच आमचं रोजचं हजेरीपुस्तक झालं होतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही.

आपल्याकडची जुनी मोठी साथ म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारनं साथरोगांचा कायदा केला. गंमत अशी की मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं जो कायदा पुढे केला, तोच हा. सव्वाशे वर्षांचा जुना! कायदा तोच, पण हुकूम मात्र नेमका उलटा होता. कोरोनात सरकार म्हणालं, घराबाहेर पडू नका. प्लेगात लोकांना घराबाहेर काढलं गेलं.

पुण्यात हे कसं झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत. गोरे सोजीर घरात शिरायचे, सामान बाहेर फेकायचे, माणसांना छावणीत न्यायचे. त्यातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत, १० मार्चला, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. हा सगळा इतिहास रक्ताचा आणि अश्रूंचा आहे. हिंदुस्थानात पुढच्या काही दशकांत प्लेगानं एक कोटीहून जास्त माणसं नेली.

पण त्याच प्लेगाची एक दुसरी बाजू खेड्यात होती. माझी आजी आठ-दहा वर्षांची असताना त्यांच्या गावात "उंदीर पडले". उंदीर पडले म्हणजे मरून पडायला लागले. असं झालं की गाव सरकारी हुकमाची वाट बघत नसे. घराला कुलूप, गुरं बरोबर, आणि सगळी माणसं माळावर झोपड्यांत. कुडाच्या भिंती, वर पाचट. प्लेगाचे जंतू येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधले होते आणि ते पिसवांतून पसरतात हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. ही नावं आमच्या आजीच्या गावात कुणाला माहीत असणार? पण मेलेल्या उंदरांचं घर सोडावं, हे शहाणपण अनुभवानं आलेलं होतं आणि ते बरोबर होतं.

आजी त्या झोपडीच्या दिवसांबद्दल बोलायची तेव्हा तिच्या बोलण्यात दोन सूर असायचे. गेलेल्या माणसांची नावं घेताना ती थांबायची. आणि मग म्हणायची, "पर रातच्याला चांदण्या लई दिसायच्या." एरवी परसात आणि चुलीपुढे वाढणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच उघडं आभाळ मिळालं होतं. मळ्यातले बांध, ओढ्यातले खेकडे, कुठल्या झाडाचा डिंक गोड हे तिला माळावरच्या त्या काही महिन्यांत कळलं. म्हातारपणीही तिला ते सगळं आठवत होतं.

शहरातही असं थोडं झालं. धोंडो केशव कर्व्यांचा विधवांचा आश्रम १९०० साली पुणं सोडून हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला, त्याला प्लेग हेही एक कारण होतं. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि कामं आटोपून पायी हिंगण्याला जायचे, परत यायचे. ऊन नाही, पाऊस नाही, चिखल नाही.

म्हणजे साथ आली की फिरस्त्याचं हरवतं, असा काही नियम नाही. प्लेगात उघडं रान हेच औषध होतं. कोरोना माणसाकडून माणसाकडे श्वासातून जाणारा, म्हणून त्यात दार लावून घ्यावं लागलं. मग दार लावून घेतलेल्या फिरस्त्याची उदाहरणं शोधायची तर साथीत नाही, तुरुंगात शोधावी लागतात. आणि त्यातलं एक फार सुंदर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर) भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे पुढारी तिथे आणून ठेवले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते. नेहरू म्हणजे डोंगरवेडा माणूस. १९१६ साली काश्मीरमध्ये बर्फातून चालताना ते एका भेगेत पडले आणि दोराला लटकून वाचले, तरी त्यांची हिमालयाची ओढ कमी झाली नाही. असा माणूस मार्च १९४५ पर्यंत या किल्ल्यात. त्यांनी काय केलं? कुदळ हातात घेतली. त्या अंगणातली जमीन दगडमातीनं भरलेली होती. ती खणून, भुसभुशीत करून त्यांनी फुलझाडं लावली. खणताना जुन्या बांधकामाचे अवशेष लागायचे, आणि तिथूनच त्यांचं मन इतिहासाकडे जायचं. १९४४ मध्ये पाच महिन्यांत त्यांनी तिथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हे बागकाम आहे.

त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते. ते काही डोंगर चढणारे गृहस्थ नव्हेत. पण त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली. आधी ते वैतागले, चिमण्यांशी लढाईच झाली म्हणा ना. मग हळूहळू दोस्ती झाली, चिमण्या जवळ येऊन दाणे टिपू लागल्या. कोणती चिमणी धीट, कोणती भित्री, हे सगळं त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रांत नोंदवलं. ती पत्रं तुरुंगातून पाठवता येत नव्हती. 'गुबार-ए-खातिर' या नावानं ती नंतर पुस्तकरूपानं आली. याच काळात, १९४३ मध्ये, त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली आणि त्यांना तिला शेवटचं भेटता आलं नाही. चिमण्यांकडे बघणारा तो माणूस आतून कसा होता, याची कल्पना करावी.

तिसरं उदाहरण परदेशातलं. डब्ल्यू. एच. मरे नावाचा स्कॉटलंडचा गिर्यारोहक १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत युद्धकैदी झाला. छावणीत त्यानं आपल्या डोंगरांवर पुस्तक लिहायला घेतलं. कागद नव्हता, म्हणून शौचाला वापरायच्या कागदावर. एकेक चढाई आठवून आठवून लिहिली. ते हस्तलिखित गेस्टापोनं काढून घेतलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं! १९४७ मध्ये ते पुस्तक छापून आलं आणि आजही गिर्यारोहक ते वाचतात.

आता बघा, तिघांचे तीन मार्ग. एकानं हातपाय चालते ठेवले. एकानं डोळे उघडे ठेवले. एकानं आठवण जागी ठेवली. २०२० मध्ये जगभरच्या फिरस्त्यांनी जे केलं, ते मला या तीन मार्गांपेक्षा फार वेगळं दिसत नाही.

इंग्लंडमधले कॅप्टन टॉम मूर आठवत असतील. दुसऱ्या महायुद्धात भारतात आणि ब्रह्मदेशात काम केलेले. वय नव्व्याण्णव, हातात चालायचा आधार. ३० एप्रिल २०२० ला शंभरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत घराच्या बागेत पंचवीस मीटरच्या शंभर फेऱ्या मारायच्या आणि त्यातून आरोग्यसेवेच्या मदतीसाठी हजार पौंड जमवायचे, असा त्यांचा बेत होता. जमले तीन कोटी वीस लाख पौंडांहून जास्त. पैशाची गोष्ट जगानं ऐकली. मला त्यातली पंचवीस मीटरची गोष्ट मोठी वाटते.

कारण मीही फेऱ्या मारत होतो. तेव्हा मला अडुसष्टावं लागलेलं. मे महिन्यापासून बाकीच्यांना हळूहळू मोकळीक मिळत गेली, पण पासष्टच्या पुढच्यांनी घरातच राहावं असं सरकारी आदेशांत लिहिलेलं होतं. कारण योग्यच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तरुणाचे पाय वर्षभर थांबले तर ते परत येतात. आमच्या वयात थांबलेले पाय परत येतीलच याची खात्री नसते. एक वर्ष बसून काढलं की गड कायमचा सुटला, ही भीती खरी होती. म्हणून "वेळ घालवणे" हा शब्द मला कधी पटला नाही. आम्ही पाय राखत होतो.

आमच्या इमारतीला तळापासून गच्चीपर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. पायरी अर्ध्या फुटाची. म्हणजे एक चढ सत्तावीस फुटांचा. कळसूबाई समुद्रसपाटीपासून सुमारे ५४०० फूट. दोनशे चढ झाले की कळसूबाई! रोज दहा चढ धरले तर वीस दिवस, म्हणजे पहिल्या एकवीस दिवसांच्या लॉकडाऊनला एक दिवस उरतो. (बारी गावातून कळसूबाई चढायला याहून बरीच कमी उंची लागते, हे मला माहीत आहे. पण मास्तरांनी हिशेब सोपा धरला.) दर दोन चढांनंतर गच्चीवर बसायचं आणि वहीत पक्षी लिहायचे. एप्रिलच्या उन्हात तांबटाची ठोकठोक सुरू असायची. शिंजीर, बुलबुल, दयाळ, आणि कबुतरांवर नजर ठेवून बसलेला एक शिक्रा. महिनाभरात तेवीस जाती झाल्या. ही गच्ची आमच्या डोक्यावर वीस वर्षं होती आणि मी पक्षी बघायला मायणीला जात होतो!

तिसरा मार्ग मात्र तात्यांनी दाखवला. तात्या एसटीतून निवृत्त झालेले, आमच्या भटकंतीतले जुने सोबती. त्यांचा संध्याकाळी फोन यायचा.

"गुरुजी, आज वासोटा. बामणोलीत उतरलोय. बोला फुडं."

"आधी परवानगीचा कागद काढा तात्या, मग लाँचमध्ये बसा."

मग लाँचमधून पलीकडे, ओढा, झाडीतली चढण, नागेश्वरचा फाटा, वरचा बिनछपराचा मारुती, आणि शेवटी बाबुकडा. कुठं दम लागतो, कुठं पाणी प्यायचं, सगळं क्रमानं. एखादी खूण चुकली की समोरचा अडवायचा. राजगडला गुंजवण्यातून चोरदरवाजानं चढलो तेव्हा पद्मावती तलाव आधी दिसतो की देऊळ, यावर आमचे दोन दिवस गेले. अर्धा तास बोलून फोन ठेवला की खरोखर चालून आल्यासारखं अंग हलकं व्हायचं.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तात्यांना कोरोना झाला. ऑक्सिजनवर बरेच दिवस काढून ते घरी आले. जीव वाचला, पण फुप्फुसं पहिल्यासारखी राहिली नाहीत. दहा पायऱ्या चढल्या की धाप लागते. आता गड नाही, टेकडीसुद्धा नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी अजिंक्यताऱ्यावर परत गेलो. पायांनी साथ दिली. वर पोचल्यावर तात्यांना फोन लावला. वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी विचारलं ते एवढंच, "दरवाज्याजवळच्या चाफ्याला पानं हायत का गळली?" मी जाऊन बघून सांगितलं.

तेव्हापासून आमचा फोन चालूच आहे. लॉकडाऊनमध्ये जी करमणूक होती, ती आता त्यांची भटकंती आहे. फरक इतकाच की आता मी जिथं जातो तिथं त्यांच्यासाठी दोन गोष्टी जास्त बघून येतो.

इतिहासाच्या पुस्तकात साथीला सुरुवातीचं आणि शेवटचं साल असतं. घरोघर मात्र ती अशी ठरल्या तारखेला संपत नाही. तात्यांसारखी कितीतरी माणसं, कुणी आजारानं, कुणी गुडघ्यांनी, कुणी नुसत्या वयानं, आजही दाराच्या आत आहेत. तुमच्या ओळखीत असा एखादा जुना फिरस्ता असेल तर त्याला फोन करा. "कसे आहात?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "बरं आहे" एवढंच येतं. एखाद्या वाटेचं नाव घ्या आणि विचारा, इथून पुढं कसं जायचं?

आज संध्याकाळी आमचा रायरेश्वर आहे.