‘अनास्था’ या शब्दाची ऐतिहासिक तपासणी : शिक्षण आणि सामाजिक वर्ग

शिक्षण आणि सामाजिक वर्ग यांच्या परस्परसंबंधाची चर्चा करताना आपल्याकडे ‘अनास्था’ हा शब्द वारंवार वापरला जातो. गरीब वर्गांना, आणि त्यातही मुस्लिम समाजाला, शिक्षणाची आवड नाही, म्हणून ते मागे राहिले, असे सांगण्यात येते. हे विधान केवळ बाहेरचेच लोक करतात असे नाही. महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात आपणही ते अनेकदा करतो. प्रस्तुत लेखात पश्चिम भारताच्या इतिहासाच्या आधारे या विधानाची तपासणी करावयाची आहे.

हंटर आयोगापुढील निवेदन

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारचे धोरण असे होते, की वरच्या वर्गांना शिक्षण द्यावे आणि त्यांच्याकडून ते खाली झिरपेल. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी मान्य केली. परंतु प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाला जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि तो खर्च मात्र उच्च वर्गांच्या शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

या निवेदनातील दुसरा मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. शेतकऱ्यांची मुले शाळेपासून दूर राहतात याचे कारण फुले यांनी पराकाष्ठेचे दारिद्र्य हे दिले. गुरे राखण्यासाठी आणि शेताकडे पाहण्यासाठी आईबापांना मुलांची गरज असते, असे त्यांनी स्पष्ट केले. म्हणून किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांचे खास उत्तेजन द्यावे, अशी त्यांची मागणी होती. सक्ती आणि साहाय्य या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे.

बडोदे आणि कोल्हापूर

या दोन गोष्टींचे प्रयोग पुढे दोन संस्थानांत झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली येथे सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये सर्व राज्यासाठी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा लागू केला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होत असे. हे पाऊल फार मोठे होते, यात शंका नाही. तथापि दंडाने मूल शाळेत आणता येते. त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई दंडाने होत नाही.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. खेड्यातील मुलगा शहरात आला तर राहणार कोठे आणि जेवणार काय, हा तो प्रश्न होता. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन मुस्लिम विद्यार्थ्यांचे बोर्डिंग उभे राहिले. महाराज स्वतः सोसायटीचे अध्यक्ष होते. राहण्याजेवणाची सोय होताच मुले शिकू लागली. अनास्था हेच खरे कारण असते, तर केवळ सोयीने ती दूर झाली नसती.

‘मागणी नाही’ हे उत्तर

१९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ करण्याची तरतूद त्यात होती. बॅरिस्टर जिना यांनीही विधेयकाला पाठिंबा दिला. परंतु लोकांची तशी मागणीच नाही, असे कारण सरकारपक्षाने पुढे केले आणि १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ज्यांना कधी विचारलेच नव्हते, त्यांच्या नावावर अनास्था मांडली गेली.

समाजशास्त्राचा आधार

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी हाच व्यवहार ‘सांस्कृतिक भांडवल’ या संकल्पनेतून समजावून दिला. सुशिक्षित घरातील मुलाला भाषा, पुस्तके आणि वागण्याबोलण्याची रीत घरातच मिळते. शाळा नेमके तेच गृहीत धरते आणि ज्याच्याजवळ ते नाही त्याला ‘कमी कुवतीचा’ ठरविते. अशा रीतीने वर्गभेद हा गुणभेद म्हणून समोर येतो.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. मदरशात जाणाऱ्यांचे प्रमाण मात्र जेमतेम ३ टक्के होते. म्हणजेच मदरशाच्या ओढीमुळे मुले शाळेपासून दूर राहतात, हा समज टिकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेचा दरवाजा उघडला. परंतु तो चौदा वर्षांपर्यंतच. आपल्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी त्यापुढचा असतो.

समारोप

त्यामुळे ही जबाबदारी आपल्यावर येते. हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहिण्यापूर्वी कारण विचारले पाहिजे. तो गॅरेजमध्ये कामाला जातो काय? बसच्या पासाचे पैसे आहेत काय? घरी उर्दू किंवा दखनी, बाजारात मराठी किंवा कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी, अशी त्याची अवस्था आहे काय? ही कारणे नोंदविली तर संस्थेला शिष्यवृत्ती, वसतिगृह व भाषावर्ग यांची आखणी करता येईल. नोंदविली नाहीत, तर १९१२ चे उत्तर आपणच पुन्हा देत राहू.