गर्भावस्थेतील लोहन्यूनता
गर्भावस्थेतील लोहन्यूनता म्हणजे गरोदर स्त्रीच्या शरीरातील लोहाचा साठा अपुरा पडणे. या काळात मातेचे रक्त वाढते, शिवाय गर्भ व वार यांनाही लोह लागते. ही गरज केवळ आहारातून सहसा भागत नाही. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. तीव्र रक्तक्षयात प्रसूतीवेळचा रक्तस्राव मातेच्या जिवावर बेतू शकतो.

'ॲनिमिया मुक्त भारत' (२०१८) कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. प्रसूतीनंतरही ती १८० दिवस घ्यावयाची असते. चहा व कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते, लिंबाच्या रसाने वाढते. गोळीमुळे मळमळ किंवा बद्धकोष्ठता होऊ शकते; शौचाचा काळा रंग मात्र निरुपद्रवी असतो.