चौथऱ्यावरचे रणगाडे

इंग्लंडच्या केंट परगण्यात ॲशफर्ड नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. तेथील सेंट जॉर्ज चौकात पहिल्या महायुद्धाच्या काळातील एक रणगाडा १९१९ सालापासून उभा आहे. १९२९ साली त्याच्या पोटातील यंत्रसामग्री काढून टाकण्यात आली आणि तेथे गावाच्या वीजपुरवठ्याचे उपकेंद्र बसविण्यात आले. ते १९६८ पर्यंत तेथेच होते. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे या लढाऊ यंत्राच्या पोटातून आसपासच्या घरांतील दिव्यांना वीज जात होती. बाजाराला येणाऱ्या मंडळींस त्यात नवल वाटेनासे झाले असावे. पण युद्धाची स्मारके कशी उभी राहतात, कशी टिकतात आणि कशी नाहीशी होतात, याचा विचार करू लागले म्हणजे या एका रणगाड्याची हकीकत फार बोलकी ठरते.

रणगाड्याचा जन्म खंदकांच्या युद्धात झाला. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये दोन्ही सैन्ये जमिनीत गाडून घेऊन बसली होती. पुढे काटेरी तारांची कुंपणे, त्यामागे मशीनगना. मोकळ्यावर येईल तो मारला जाई. तारा तुडवीत आणि खंदक ओलांडीत जाईल असे चिलखती वाहन इंग्रजांनी लिंकन शहरातील शेतकी यंत्रांच्या एका कारखान्यात तयार करविले. बातमी फुटू नये म्हणून हे काम पाण्याच्या टाक्यांचे आहे अशी बतावणी करण्यात आली आणि त्या बतावणीतूनच ‘टँक’ हे नाव जन्मास आले. मराठीने मात्र ‘रणगाडा’ असा शब्द योजला. त्यात लपवाछपवी काहीच नाही.

या जन्मकथेत दख्खनचाही एक दुवा आहे. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणक्षेत्रावर, हाय वुड नावाच्या रानाजवळ, ‘डेक्कन हॉर्स’ या रिसाल्याच्या स्वारांनी उभ्या पिकातून भाले रोखून हल्ला चढविला. या रिसाल्याची परंपरा १७९० साली हैदराबादच्या निजामाच्या राज्यात उभ्या राहिलेल्या घोडदळापर्यंत पोहोचते. मशीनगनपुढे घोड्याचे काय होणार हे त्या दिवशी पुन्हा एकदा दिसले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबर रोजी, त्याच टापूत जगातील पहिले रणगाडे लढाईत उतरले. घोडदळाचा अस्त आणि रणगाड्याचा उदय इतक्या जवळून क्वचितच पाहावयास मिळतो.

ॲशफर्डचा रणगाडा ‘मार्क चार’ या जातीचा आहे. बाजूने पाहिल्यास तो तिरप्या चौकोनासारखा दिसतो आणि त्याचे लोखंडी पट्टे खालून वरपर्यंत सबंध अंगाला वेढून जातात. वर फिरता बुरूज नाही. शस्त्रे दोन्ही कुशींच्या फुगवट्यांत बसविलेली. ज्यात तोफा असत त्याला ‘नर’ आणि ज्यात नुसत्या मशीनगना असत त्याला ‘मादी’ म्हणत. ॲशफर्डची ही ‘मादी’ होय. वजन सुमारे २७ टन, वेग ताशी जेमतेम चार मैल. आत आठ माणसे, आणि त्यांच्या मधोमध उघडे, धडधडते, १०५ अश्वशक्तीचे इंजिन. उष्णता, धूर आणि विषारी वायू यांनी माणसे आतल्या आत बेशुद्ध पडत. नुसते वळण घ्यावयाचे झाले तरी चौघांना मिळून खटपट करावी लागे, आणि त्या गोंगाटात एकमेकांस खुणा देण्यासाठी लोखंडावर ठोके मारावे लागत. चौथऱ्यावर रंगरंगोटी करून ठेवलेला रणगाडा पाहताना यातले काहीही दिसत नाही.

हा रणगाडा गावात आला कसा, तर पैशामुळे. नोव्हेंबर १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत चारशेहून अधिक रणगाडे एकदम चालून गेले आणि इंग्लंडात त्यांचे भलतेच कौतुक सुरू झाले. युद्धखर्चासाठी रोखे विकणाऱ्या राष्ट्रीय समितीने ही संधी साधली. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात रणगाडा आणून उभा केला आणि त्याच्या दाराशी रोख्यांची विक्री मांडली. मग असे रणगाडे गावोगाव फिरू लागले. त्यांना ज्युलियन, नेल्सन, एग्बर्ट अशी माणसांची नावे होती. जानेवारी १९१८ मध्ये एकट्या ग्लासगो शहरात ‘ज्युलियन’च्या मुक्कामात आठवड्याभरात सुमारे एक कोटी चाळीस लक्ष पौंड जमले! लढाईत मार खाऊन आलेला ‘एग्बर्ट’ हा दरडोई सर्वाधिक रक्कम देणाऱ्या गावाचे बक्षीस म्हणून ठेवला होता. तो वेस्ट हार्टलपूलने जिंकला.

युद्ध संपल्यावर, १९१९ साली, रोखे घेण्यात आघाडीवर असलेल्या अडीचशेंहून अधिक गावांना समितीने एकेक रणगाडा भेट दिला. त्यांतील पुष्कळ रणगाडे शिकाऊ सैनिकांच्या सरावासाठी वापरलेले होते. त्यांनी फ्रान्सची माती पाहिलीच नव्हती. रणगाडा आगगाडीने येई, स्थानकापासून चौकापर्यंत आपल्या पायांनी चालत जाई, नगराध्यक्षांचे भाषण होई, मुले अंगाखांद्यावर चढत. ॲशफर्डचा समारंभ १ ऑगस्ट १९१९ रोजी झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही भेट गावाने जमविलेल्या रकमेबद्दलची होती. गावाने गमावलेल्या मुलांबद्दलची नव्हती. खंदकांतून परतलेल्या सैनिकांपैकी अनेकांना ती रुचली नाही. जे विसरण्याची धडपड चालली होती, तेच रोज बाजाराच्या वाटेवर उभे! ज्यांना काम नव्हते, निवारा नव्हता, त्यांना या लोखंडाच्या गौरवात आपला गौरव दिसेना. गावांनीही लवकरच स्वतंत्र स्मारके उभारली, दगडाची, मृतांची नावे कोरलेली. आणि दर नोव्हेंबरात फुले तेथे वाहिली जाऊ लागली. रणगाडा बागेच्या कोपऱ्यात गंजत राहिला. रंग देण्याचा खर्च नगरपालिकांस जड वाटू लागला. १९२० नंतरच्या दोन दशकांत एकामागून एक रणगाडे भंगारवाल्यांना विकले गेले. एवढ्या ईर्षेने जिंकलेला ‘एग्बर्ट’सुद्धा १९३७ साली भंगारात गेला. जे थोडे उरले होते ते दुसऱ्या महायुद्धाच्या लोखंडटंचाईने गिळले. अडीचशेंपैकी आपल्या मूळ जागी आज एकच उभा आहे, तो ॲशफर्डचा. आणि तोही कोणाच्या भक्तीमुळे वाचलेला नाही. पोटातले रोहित्र हलविण्याची दगदग नको, एवढ्याच कारणाने तो वाचला. आता त्याच्यावर छप्पर घातले आहे आणि युद्धस्मारक म्हणून त्याचा मान राखला जातो.

इंग्लंडातील रणगाडे दुर्लक्षाने गेले; प्राग शहरातला मात्र रागाने गेला. १९४५ साली नाझींच्या तावडीतून सुटका झाल्याची खूण म्हणून तेथे सोव्हिएत रणगाडा क्रमांक २३ उंच चौथऱ्यावर ठेवण्यात आला होता. शहरात प्रथम शिरताना नष्ट झालेल्या रणगाड्याचे हे स्मारक; पण तो रणगाडा वेगळ्या जातीचा आणि वेगळ्या क्रमांकाचा होता. १९६८ च्या ऑगस्टात सोव्हिएत रणगाडे पुन्हा प्रागच्या रस्त्यांवर आले, ते या वेळी चिरडण्यासाठी; आणि चौथऱ्यावरच्या रणगाड्याकडे पाहण्याची नागरिकांची दृष्टी पालटली. एप्रिल १९९१ मध्ये डेव्हिड चेर्नी या तरुण शिल्पकाराने तो एका रात्रीत गुलाबी रंगविला. त्याला अटक झाली आणि रणगाडा पुन्हा हिरवा झाला. तेव्हा पार्लमेंटच्या काही सभासदांनी स्वतः तो परत गुलाबी केला! अखेरीस तो तेथून हलवून लष्करी संग्रहालयात नेण्यात आला. १९४५ साली ज्यांनी त्या सैनिकांचे अश्रूंनी स्वागत केले होते, त्यांना या थट्टेने काय वाटले असेल, हेही विसरता येत नाही.

भारतातील चौथऱ्यांवरचे रणगाडे प्रथम नजरेत भरले ते १९६५ च्या युद्धानंतर. सप्टेंबरच्या ८ ते १० या तारखांना पंजाबातील खेमकरणजवळ, असल उत्तर येथे, पाकिस्तानच्या अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्यांचा धुव्वा उडाला. पाणी सोडून भिजविलेल्या शेतांत ते रुतले आणि उसात दडलेल्या आपल्या तोफांना बळी पडले. जीपवर बसविलेल्या तोफेने अब्दुल हमीद यांनी त्यांतील कित्येक फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. जुन्या शर्मन रणगाड्यांतून त्या मैदानात लढणाऱ्यांत डेक्कन हॉर्सही होता. हाय वुडजवळ भाले घेऊन गेलेला रिसाला तो हाच. पकडलेले व मोडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेने मांडण्यात आले आणि त्या जागेस लोकांनी ‘पॅटन नगर’ म्हटले. पुढे तेथूनच ते विजयचिन्ह म्हणून देशभरच्या छावण्यांकडे रवाना झाले.

अशा रणगाड्याची ओळख पटविणे फारसे अवघड नाही. पॅटनचे अंग गोलसर, जणू ओतीव कढईसारखे. चाके एका बाजूस सहा. पॅटनशी झुंजलेला आपला सेंच्युरियन सरळ रेषांचा, आणि त्याच्या चाकांवर बाजूने लोखंडी पडदी असते. हल्ली गावोगावच्या चौथऱ्यांवर पुष्कळदा दिसतो तो रशियन टी-५५ : उपड्या वाडग्यासारखा बुरूज आणि पाचच चाके, त्यांतही पहिल्या-दुसऱ्या चाकांमध्ये अंतर ठळकपणे जास्त. मद्रासजवळ आवडी येथे बांधलेला ‘विजयंता’ सहा चाकांचा. शत्रूकडून घेतलेल्या रणगाड्याची तोफ मान खाली घातल्यासारखी झुकवून ठेवलेली काही ठिकाणी आढळते. आपल्याची मात्र ताठ. फलकावर मात्र वजन, वेग, तोफेचा व्यास एवढेच असते. हा कोणत्या पलटणीने चालविला किंवा पकडला, आत कोण होते, हे बहुधा लिहिलेले नसते. ही उणीव दूर करण्यास खर्च काहीच येणार नाही.

लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांचे उदाहरण घ्यावे. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचे, सैनिकी आयुष्याचा आरंभ हैदराबाद संस्थानच्या फौजेत. संस्थान विलीन झाल्यावर ते ‘पूना हॉर्स’मध्ये आले. ११ सप्टेंबर १९६५ रोजी फिलोऱ्याच्या लढाईत जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्याचे नाकारले आणि १६ तारखेस बुटूर डोग्रांडी येथे आपल्या सेंच्युरियन रणगाड्यापाशी त्यांना वीरमरण आले. त्यांनाही परमवीरचक्र लाभले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन आणि पॅटन हे दोन्ही प्रतिस्पर्धी पाहावयास मिळतात. तारापोरांची हकीकत आधी वाचून गेलेल्यास ते निराळे दिसतात.

रणगाडा आणि त्यातली माणसे यांची ताटातूट न होऊ देणारे एक स्मारक फ्रान्समध्ये आहे. कांब्रेच्या लढाईत २० नोव्हेंबर १९१७ रोजी ‘डेबोरा’ नावाचा रणगाडा फ्लेस्किएर गावात शिरला आणि तोफगोळ्यांनी फुटला. आठांपैकी पाच जण ठार झाले. पुढे तो जमिनीत पुरला गेला आणि विसरला गेला. एका स्थानिक संशोधकाने वर्षानुवर्षे माग काढून १९९८ साली तो उकरून काढला. त्याला रंग दिलेला नाही, चौथऱ्यावरही चढविलेले नाही. गोळ्यांनी पडलेली भगदाडे आहेत तशीच आहेत. २०१७ मध्ये त्याच्यासाठी संग्रहालय बांधले, ते गावच्या सैनिकी दफनभूमीला लागून. त्या पाच जणांच्या कबरी तेथेच आहेत.