दुसरी भाषा शिकताना आनंदाचं काय? एका संशोधन-प्रवाहाचा इतिहास

पीएच.डी.साठी विषय शोधताना बरेच जण 'सकारात्मक मानसशास्त्र आणि द्वितीय भाषा' या विषयापाशी येऊन थांबतात. विषय आकर्षक आहे, पण पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला बसलं की पहिलाच प्रश्न अडतो : हा प्रवाह आला कुठून? आज तो इतिहास पाहू, आणि आपल्या भागात त्याचं काय काम आहे तेही.

आधी आपला भाग. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. उत्तरेकडच्या आरमोरीत झाडीबोली ऐकू येते. पुस्तकातलं 'पाणी' घरी 'पानी' असतं. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे गेलात की अनेक घरांची भाषा गोंडी नाहीतर माडिया. या द्राविडी कुळातल्या भाषा, म्हणजे त्यांचं नातं तेलुगूशी, मराठीशी नाही. पहिलीतल्या माडिया मुलाला मराठी ही दुसरी भाषा, आणि गणितही त्याच अनोळखी भाषेतून! मग मूल गप्प बसतं. अशा मुलाला 'ढ' ठरवायला आपल्याला वेळ लागत नाही.

हे गप्प बसणं म्हणजे बुद्धीची उणीव की भावनेची अडचण? संशोधनाने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने हाताळला. १९७७ मध्ये ड्युले आणि बर्ट यांनी 'भावनिक गाळणी'ची कल्पना मांडली आणि १९८२ मध्ये स्टीफन क्रॅशनने ती पुढे नेली. भीती, कंटाळा, आत्मविश्वासाचा अभाव असला की कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही, असं हे म्हणणं. कल्पना पटणारी होती, पण मोजायची कशी? १९८६ मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परभाषा-वर्गातल्या चिंतेची ३३ विधानांची मापनश्रेणी दिली. मोजपट्टी हाती आली आणि पुढची अनेक वर्षं संशोधक मुख्यतः भीतीच मोजत राहिले. इथे एक गोष्ट टिपून ठेवा : जे मोजता येतं, त्यावरच संशोधनाची गर्दी होते.

दरम्यान मानसशास्त्रातच वारं बदललं. १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष असलेल्या मार्टिन सेलिग्मन यांनी आग्रह धरला की आजारासोबत माणसाच्या बलस्थानांचाही अभ्यास व्हावा. त्याच सुमारास बार्बरा फ्रेडरिकसन यांनी मांडलं की आनंद, कुतूहल यांनी विचारांची कक्षा रुंदावते आणि त्यातून टिकाऊ क्षमता बांधल्या जातात. २०१२ मध्ये मॅकिन्टायर आणि ग्रेगर्सन यांनी हा विचार भाषाशिक्षणात आणला. २०१४ मध्ये डेवाले आणि मॅकिन्टायर यांनी १७४६ जणांची ऑनलाइन माहिती घेऊन आनंद आणि चिंता एकत्र तपासली. दोन्हींत ऋण सहसंबंध होता, पण मध्यम. थोडक्यात, ही तराजूची दोन पारडी नाहीत. भीती गेली म्हणजे आनंद आला असं होत नाही, आणि थोडी भीती असूनही मूल रमू शकतं.

आता टीका बघा, कारण तुमच्या संशोधनाची जागा तिथेच आहे. एक, ऑनलाइन प्रश्नावली भरणारे बहुतेक शिकलेले आणि स्वतःहून परभाषा शिकणारे. आश्रमशाळेतलं मूल त्यात नाही. दोन, आनंद ही फक्त शिकणाऱ्याची मनोवृत्ती मानली, तर 'तू आनंदी राहा' म्हणून जबाबदारी मुलावरच ढकलली जाते. शिक्षकाला मुलाची भाषा येते का, पुस्तक कोणत्या भाषेत आहे, हे प्रश्न बाजूला पडतात.

आपल्या कायद्याने मात्र दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ एका उपकलमात शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण सांगतं, आणि लगेच पुढच्यात मूल भय, आघात आणि चिंतेपासून मुक्त असावं असं म्हणतं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच संदर्भात वाचायला हवी.

मग तुम्ही काय कराल? परदेशी मापनश्रेणीचं मराठी भाषांतर करून दुसरीतल्या मुलाच्या हाती देऊ नका. ती मोठ्यांसाठी बनलेली आहे, शिवाय मराठीच अवघड असलेल्या मुलाला मराठी प्रश्नावली देऊन काय मोजणार? त्यापेक्षा वर्गात बसा. मूल आपणहून कधी बोलतं, कुणाशी, कोणत्या भाषेत, शिक्षकाने एक शब्द गोंडीत उच्चारला की काय होतं, हे नोंदवा. पालकांशी त्यांच्या भाषेत बोलेल असा सहकारी शोधा. आणि आढावा लिहिताना प्रत्येक अभ्यासाला एक प्रश्न विचारा : यात कोणाचा आनंद मोजला, आणि कोण मोजायचं राहून गेलं? जे राहून गेलं, तिथून तुमचा विषय सुरू होतो.